एका घरातली पाच विद्यापीठं

माझी थोरली बहीण औशाजवळ राहते. मागच्या जूनमध्ये भाच्याच्या अ‍ॅडमिशनसाठी कागदपत्रं शोधायला आम्ही तिच्याकडची पत्र्याची पेटी उघडली. वरच ताईची बी.ए.ची पदवी होती, १९९१ची. तिच्यावर मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद. तिच्याखाली दाजींची कृषीची पदवी, मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी. भाच्याच्या बी.ए.वर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड. भाचीच्या नर्सिंगच्या मार्कमेमोवर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा शिक्का. आणि दाजींचा पुतण्या याच घरात राहून बी.टेक. करतो, त्याचं हॉल तिकीट रायगड जिल्ह्यातल्या लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं.

यातलं कुणीही शिकायला लातूर सोडून गेलेलं नाही. ताई आणि भाचा तर एकाच कॉलेजात शिकले, एकाच इमारतीत.

भाचा म्हणाला, "मामा, आईनं आणि म्या एकाच कॉलेजात शिकून तिची डिग्री औरंगाबादची आन् माझी नांदेडची. मग विद्यापीठ नेमकं असतंय कुठं?"

वीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवून मला हा प्रश्न कुणी इतक्या सरळ विचारला नव्हता. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो.

विद्यापीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गेट येतं. संभाजीनगरला विद्यापीठ गेट हा रिक्षावाल्यालासुद्धा सांगायचा पत्ता आहे. आत गेलं की सातशेवर एकरांचा परिसर, पलीकडे डोंगर, त्या डोंगरात लेणी, पायथ्याला सोनेरी महाल. पण कागदावर या विद्यापीठाची दोन अंगं आहेत. एक हा परिसर. इथे पन्नासच्या आसपास विभाग आहेत आणि तिथे मुख्यतः एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. चालतं. दुसरं अंग म्हणजे संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांत पसरलेली चारशेहून अधिक संलग्न महाविद्यालयं. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची बहुतेक पोरं तिथे असतात आणि त्यातली कित्येक पदवी घेईपर्यंत गेटच्या आत पाऊलही टाकत नाहीत. कॉलेज संस्थेचं, पगार बहुधा सरकारचा, वर्ग तालुक्याच्या गावी. अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी मात्र विद्यापीठाची. संलग्न या शब्दाचा अर्थ एवढाच.

हे असं का झालं, ते मराठवाड्याच्या नकाशात आहे. निजामाच्या काळात आणि नंतरही काही वर्षं इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि उस्मानिया राहिलं आंध्र प्रदेशात. कॉलेज एका राज्यात, विद्यापीठ दुसऱ्या राज्यात. ही अडचण फार काळ चालणारी नव्हतीच. न्या. पालनीटकरांच्या समितीने वेगळ्या विद्यापीठाची शिफारस केली आणि २३ ऑगस्ट १९५८ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. म्हणजे कॉलेजं आधी होती, त्यांना छत्री नंतर मिळाली. आजही या विद्यापीठाचा मोठा वेळ स्वतः शिकवण्यापेक्षा दुसऱ्यांनी शिकवलेलं तपासण्यात जातो, त्याचं मूळ तिथे आहे.

मग १९९४ आलं. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ला केला होता. तो अमलात यायला सोळा वर्षं लागली आणि त्या सोळा वर्षांत मराठवाड्यातल्या गावागावांत काय काय जळलं ते आमच्या पिढीने पाहिलंय. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. त्या दिवशी गेटवर लोटणारी गर्दी दरवर्षी तितकीच असते. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला दुसरं विद्यापीठ निघालं आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हा मुलूख त्याच्याकडे गेला. (हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, परभणीतच होता.) ताईचं कॉलेज जागचं हललं नाही. त्याच्यावरची छत्री बदलली.

उरलेली तीन नावं विषयांमुळे आली. शेतीचं शिक्षण १९७२ पासून परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे. लातूरचं कृषी महाविद्यालय त्याला संलग्न नाही, त्याचं स्वतःचंच आहे. याला घटक महाविद्यालय म्हणतात. तिथला प्रमुख सहयोगी अधिष्ठाता म्हणवतो. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग ही सगळी कॉलेजं १९९८ साली निघालेल्या नाशिकच्या विद्यापीठाने आपल्याकडे घेतली. आणि अलीकडच्या काळात राज्यभरातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याला जोडली गेली. तेव्हा "कुठलं विद्यापीठ" हे दोन गोष्टींवर ठरतं: गाव कुठलं आणि विषय कुठला. भाच्याला एवढं लगेच पटलं. दाजींना अजून पटलेलं नाही, लातूरच्या पोराचा पेपर लोणेऱ्यानं का काढावा म्हणून.

आता आतली रचना. विद्यापीठाचं नाव वेगळं असलं तरी संभाजीनगर आणि नांदेड दोन्ही एकाच कायद्याखाली चालतात, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. या कायद्याने सगळे विषय चार गोठ्यांत बांधले. विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. या चारांना विद्याशाखा म्हणतात आणि प्रत्येकीवर एक अधिष्ठाता, म्हणजे डीन. आधी विद्याशाखा बऱ्याच होत्या आणि डीन निवडणुकीने यायचे. आता डीन हे पूर्णवेळ, निवड समितीतून नेमलेलं पद आहे. निवडणुकीच्या काळातल्या जेवणावळी गेल्या, हे बरंच झालं. पण डीन आता कॉलेजांतल्या शिक्षकांना पूर्वीइतका आपला वाटत नाही, हेही खरं.

चौथी शाखा सगळ्यांना कोड्यात टाकते. शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, समाजकार्य असे जे विषय इतर तीन गोठ्यांत सरळ बसत नाहीत ते तिथे आहेत. बी.एड. करणाऱ्याला आपण मानव्यविद्येत आहोत असं वाटतं. नसतो.

विद्याशाखेला स्वतःची इमारत नसते, विद्यार्थी नसतात. ती कागदावरची वाटणी आहे. इमारत असते विभागाची. इतिहास विभाग, रसायनशास्त्र विभाग, नाट्यशास्त्र विभाग, पाली विभाग. विभागप्रमुखपद ठरावीक काळाने फिरतं, खाली प्राध्यापक, सहयोगी आणि सहायक प्राध्यापक. आणि रिकाम्या जागांवर करारावरचे किंवा तासिका तत्त्वावरचे. हे शेवटचे दोन नसते तर कित्येक विभागांचं वेळापत्रक कोरं राहिलं असतं, पण रचनेच्या कुठल्याही तक्त्यात त्यांचा चौकोन तुम्हाला दिसणार नाही.

नांदेडला विष्णुपुरीच्या परिसरात गेलात तर विभागाच्या पाट्या कमी दिसतील. तिथे संकुलं आहेत. भाषा, वाङ्मय व संस्कृती अभ्यास संकुल, सामाजिक शास्त्रे संकुल, भूशास्त्र संकुल. मराठी, इंग्रजी अशी वेगवेगळी घरं न बांधता एकाच वाड्यात त्यांना खोल्या दिल्या. नंतर निघालेलं विद्यापीठ असल्यामुळे त्यांना हे जमलं. जुन्या विद्यापीठात प्रत्येक विभागाची आपली इमारत, आपलं छोटं ग्रंथालय, आपला शिपाई असतो. तो वेगळा संसार मोडून एकत्र कुटुंब करणं सोपं नाही. वेगळ्या संसाराचे फायदेही आहेत. संभाजीनगरच्या इतिहास विभागाचं स्वतःचं संग्रहालय आहे. पैठण, तेर, भोकरदनला सापडलेल्या वस्तू तिथे ठेवल्यात. भोकरदनचं १९७३चं उत्खनन नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केलं होतं. मातीतून निघालेले मणी आणि मृण्मूर्ती पाहत उभं राहिलं की एक विभाग म्हणजे नुसते वर्ग आणि मस्टर नव्हे, हे कळतं. भाच्याला तिथेच प्रवेश हवा होता.

पण खरा प्रश्न विचारण्यासारखा आहे तो हा: बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला काय शिकवायचं, हे कोण ठरवतं? पोरांना वाटतं कुलगुरू. पालकांना वाटतं सरकार. सुरुवात होते ती अभ्यास मंडळात, आमच्या भाषेत बीओएस. प्रत्येक विषयाचं एक. त्यात विद्यापीठातला विभागप्रमुख, संलग्न कॉलेजांतून निवडून आलेले काही विभागप्रमुख, काही नेमलेले शिक्षक, बाहेरच्या विद्यापीठातला एखादा प्राध्यापक आणि क्षेत्रातला जाणकार असे लोक असतात.

अशा एका बैठकीला मीही बसलोय, म्हणून तपशिलात सांगतो. लांबट टेबल, पोह्यांच्या बश्या, प्रत्येकापुढे जुन्या अभ्यासक्रमाची झेरॉक्स. विषय होता हैदराबाद मुक्तिसंग्राम. देश १५ ऑगस्ट १९४७ला मोकळा झाला, मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ला. ते तेरा महिने पोरांना शिकवायचे यावर एकमत होतं. भांडण होतं दोन क्रेडिटचं. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. तीस तासांचे चार घटक केले तर एका घटकाला साडेसात तास. साडेसात तासांत निजामाची राजवट, आर्य समाज, स्टेट काँग्रेस आणि रझाकार बसवायचे कसे? एक सर म्हणाले, घटक पाच करा. दुसरे म्हणाले, मग प्रश्नपत्रिकेचा साचा मोडतो. तेवढ्यात कोपऱ्यातून एका मॅडमनी विचारलं, "संदर्भ म्हणून ही जी पुस्तकं लिहिलीत, त्यातली भूम-परंड्याच्या कॉलेजात किती आहेत?" टेबल गप्प. सातपैकी तीन पुस्तकं यादीतून गेली आणि सगळीकडे मिळतात अशी तीन आली. जी तीन गेली त्यातलं एक फार चांगलं होतं. मला आजही त्याची चुटपुट आहे, पण मॅडमचं चुकलं असं म्हणता येत नाही.

तिथे ठरलेला कागद लगेच वर्गात येत नाही. अभ्यास मंडळातून तो विद्याशाखेपुढे जातो, तिथे अधिष्ठाता अध्यक्ष. तिथून विद्यापरिषदेत, म्हणजे अ‍ॅकॅडमिक कौन्सिलमध्ये. तिथे अध्यक्ष कुलगुरू. शिक्षणाच्या बाबतीत शेवटचा शब्द विद्यापरिषदेचा. वरच्या पायऱ्यांवर मजकुराला सहसा कुणी हात लावत नाही. तिथे क्रेडिटची बेरीज, नियमांशी मेळ आणि इतर विषयांशी सांगड बघतात. म्हणून एखाद्या शिक्षकाला अभ्यासक्रमाबद्दल तक्रार असेल तर कुलगुरूंना निवेदन देऊन फोटो काढण्यापेक्षा बीओएसच्या अध्यक्षाला एक पानी पत्र लिहावं. त्याचा उपयोग जास्त होतो, अनुभव आहे.

क्रेडिटचं गणित वर आलंच आहे तर तेही उरकतो. वर्गात शिकवलेले पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, प्रयोगशाळेत तेच तीस तास. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. सेमिस्टरला २२ धरले तर सहा सेमिस्टरचे १३२ होतात. हे क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात. बँकच ती, फक्त व्याज नाही. मुख्य विषयाला मेजर, जोडविषयाला मायनर आणि बाकीच्या विषयांना इतकी आद्याक्षरं आहेत की पहिल्या वर्षाची पोरं ती पाढ्यासारखी पाठ करतात.

परीक्षेचा कारभार वेगळा. त्याचं स्वतंत्र मंडळ आहे, परीक्षा व मूल्यमापन मंडळ, आणि त्याचा संचालक. पूर्वी याला परीक्षा नियंत्रक म्हणायचे. पेपर काढणं, केंद्रं देणं, कॅपला, म्हणजे तपासणीच्या मध्यवर्ती केंद्रावर, उत्तरपत्रिका तपासून घेणं, निकाल लावणं हे सगळं तिथे. कायदा म्हणतो, शेवटच्या पेपरनंतर तीस दिवसांत निकाल लावा, फार तर पंचेचाळीस. वाचक हसत असतील, पण कायद्यात ते आहे.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. विद्यापीठ कुठलं ते राहू द्या. एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मार्कमेमोवर एका विषयापुढे माझ्या अंतर्गत गुणांत शून्य. मी परीक्षा भवनाच्या खिडकीवर गेलो. त्यांनी सांगितलं विभागात जा. विभागाने सांगितलं आम्ही पाठवलेत, परीक्षा भवनात जा. असे तीन दिवस, सकाळी रांग, दुपारी "साहेब जेवायला गेलेत". चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या क्लार्कने मला बाकावर बसवलं आणि सांगितलं, "बाळा, लेखी गुण आमचे, अंतर्गत गुण त्यांचे. त्यांनी पाठवलेल्या यादीची पोच माग." मागितली. यादीवर माझा बैठक क्रमांकच नव्हता. एका शिक्षकाच्या हातून ओळ सुटली होती. तीन दिवस मी चुकीच्या दाराशी भांडत होतो. तेव्हापासून प्रत्येक बॅचला मी पहिल्याच तासाला सांगतो की हजेरी, अंतर्गत गुण, टीसी, बोनाफाईड हे कॉलेजचं किंवा विभागाचं. लेखी गुण, छायाप्रत, पुनर्मूल्यांकन, पदवी प्रमाणपत्र हे परीक्षा भवनाचं.

आणि मग वरचे लोक. कुलपती म्हणजे राज्यपाल. कुलगुरूंची मुदत पाच वर्षं. त्यांच्या जोडीला प्र-कुलगुरू. कुलसचिव म्हणजे रजिस्ट्रार, सगळ्या कागदांचा आणि कर्मचाऱ्यांचा धनी. पैसा, नेमणुका, बांधकाम व्यवस्थापन परिषदेकडे. अधिसभा, म्हणजे सिनेट, वर्षातून निदान दोनदा बसते आणि अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो. सिनेटमध्ये प्राचार्य, शिक्षक, संस्थाचालक यांच्याबरोबर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा जण असतात. ताईने १९९१ पासून एकदाही नाव नोंदवलेलं नाही. तसे बहुतेक पदवीधर नोंदवतच नाहीत, आणि मग विद्यापीठात राजकारण फार म्हणून बोलतात. नोंदणीचे गठ्ठे कोण भरतं ते बघितलं तर राजकारण कुठून येतं ते कळेल.

पीएच.डी.चं थोडक्यात. आधी पेट नावाची प्रवेश परीक्षा, मग गाईड. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार संशोधक घेता येतात, हा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०२२चा नियम. गाईड मिळत नाही ही ओरड असते तिचं एक कारण हे गणित. जागा रिकाम्या तर गाईड कमी, गाईड कमी तर पेट पास होऊन पोरं बसून. विषय मान्य करणारी वेगळी समिती असते, तिच्यापुढे उभं राहणं हा लग्नाच्या बोलणीसारखाच प्रकार. मुलगी बघायला आलेले कमी बोलतात आणि मध्यस्थ जास्त.

काही कॉलेजं यातून अर्धी बाहेर पडली आहेत. त्यांना स्वायत्त म्हणतात. लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय हे त्यातलं. त्यांचं अभ्यास मंडळ त्यांचं, परीक्षा त्यांची, पदवीवर मात्र शिक्का नांदेडचाच. घर वेगळं, सातबारा एकत्र.

राहता राहिला भाचा. त्याला नांदेडच्या मुलुखातून संभाजीनगरच्या मुलुखात यायचं होतं. त्यासाठी टीसी लातूरच्या कॉलेजने द्यायची, मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ सोडल्याचा दाखला, नांदेडच्या विद्यापीठाने, आणि ते घेऊन संभाजीनगरच्या पात्रता विभागाने बघायचं की याची बी.ए. आपल्याला चालते का. इतिहास विभागाचा यात फक्त प्रवेश देण्यापुरता संबंध. पहिल्या दिवशी त्याचा फोन आला, "मामा, हितं तर सगळे एकमेकाकडं धाडायलेत." मी विचारलं, हातात काय आहे? टीसी होती, मायग्रेशन नव्हतं. म्हटलं, मग तुला कुणीही कुठेही धाडलं तरी तू आधी नांदेडला जा.

पंधरा दिवसांनी काम झालं. संध्याकाळी ताईला फोनवर सांगितलं की डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाव लागलं, दोन वर्षांनी पेटीत आणखी एक पदवी येईल.

"म्हणजे माझ्याच विद्यापीठात गेला की," ताई म्हणाली. "मग मायग्रेशन कशाला लागलं?"